परत्या

आत्यानं पिल्लू माझ्या कपाळावर टेकवलं तेव्हा मला वाटलं, आईनं गार पट्टी काढून तिथं ऊन पट्टी ठेवली. मग ती पट्टी चालायला लागली. बारीक नखं भुवईवरून नाकाकडं आली, थांबली, आणि डोळ्यांवर कसलीशी ऊब पसरली.

"हलू नगंस कौसे," आत्या म्हणाली. "जरा दम धर. समदं त्याच्या अंगावर जाऊ दे."

मी कशाला हलतेय. मला मुदतीचा ताप होता आणि कूस बदलायची तरी आईला हाक मारावी लागत होती. आत्यानं पिल्लू उचललं, माझ्या डोक्यापासून पायांपर्यंत फिरवलं, परत वर नेलं. तोंडानं ती काहीतरी पुटपुटत होती. मी डोळे किलकिले केले तर पिल्लू हवेत तरंगत होतं आणि त्याच्या वर, छतावर, पाणी वाहत होतं.

छतावरचं पाणी मात्र तापातलं नव्हतं. माझे वडील, आण्णा, कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताला पाणी कधी सोडायचं आणि कालव्याचं दारं कधी बंद करायचं, हे त्यांचं काम. आम्ही कालव्याच्या काठावरच्या सरकारी चौकीत राहायचो. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं परसू, आणि हाकेच्या अंतरावर दुसरं घर नाही. कालवा वाहता असला की दुपारनंतर त्याच्यावरचा उजेड खिडकीतून आत येऊन छतावर हलत राहायचा. आजारात मी तेच बघत पडायचे. कधी वाटायचं, खाट छताला उलटी टांगलीय आणि मी वरून कालव्यात बघतेय.

हौसाआत्या आण्णांची थोरली बहीण. माझा ताप हटत नाही असं कळल्यावर ती एस.टी.नं आली, ती पदरात कोंबडीचं पिल्लू गुंडाळूनच. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्यांच्यावर तिचा राग नव्हता. डॉक्टर त्यांचं करतील, आपण आपलं करू, असं तिचं म्हणणं. आपलं म्हणजे उतारा. आजारी माणसावरून पिल्लू उतरायचं, नेऊन लांब सोडून द्यायचं, की दुखणं पिल्लासोबत तिकडंच राहतं.

नेऊन सोडायचं काम आण्णांकडं आलं. आत्यानं त्यांना नियम सांगितले. वाटेत कुणाशी बोलायचं नाही. जिथं कालव्याला फाटा फुटतो तिथवर जायचं. पाठमोरं उभं राहून पिल्लू सोडायचं आणि काही झालं तरी मागं वळून बघायचं नाही. एरवी आण्णा कुठलाच नियम धड पाळत नसत. उपवासाच्या दिवशी चहात पाव बुडवून खायचे आणि वर आईला सांगायचे की पाव हे काही धान्य नव्हे. पण त्या दिवशी पोरीच्या जिवाचा प्रश्न होता. त्यांनी पिल्लू गोणपाटाच्या पिशवीत घातलं, पिशवी सायकलच्या कॅरिअरला लावली आणि तोंड मिटून गेले.

उजेड असतानाच ते परत आले. रिकामी पिशवी ओट्यावर टाकली, पाय धुतले. सोडलं का, असं आत्यानं विचारलं, त्यांनी मान हलवली. मागं बघितलं नाहीस ना, त्यांनी परत मान हलवली. आईनं सगळ्यांना चहा दिला. घरात जरा हलकं वाटायला लागलं होतं.

"पिल्लू वरडतंय," मी म्हणाले.

आईनं माझ्या कपाळाला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. ताप चढला की मला काहीबाही ऐकू यायचं. आदल्याच दिवशी मी तिला खाटेखाली बैल बसलाय म्हणून सांगितलं होतं. "व्हय गं माझे बाय," ती म्हणाली आणि पट्टी ओली करायला उठली. तेवढ्यात आत्याच्या हातातली बशी कलंडली. तिलाही ऐकू आलं होतं.

झालं होतं ते असं. फाट्यापाशी आण्णा पाठमोरे उभे राहिले, पिशवी मागच्या मागं उलटी धरली, चांगली झटकली, घडी केली आणि निघाले. पिल्लाची नखं गोणपाटाच्या सुतळ्यांत अडकली होती. ते पडलंच नाही. घडीत बसून, न बोलता, आण्णांसारखंच नियम पाळत घरी आलं.

"चाचपायचं तरी व्हतंस येशा," आत्या म्हणाली.

"तू म्हणालीस बगायचं न्हाई."

"चाचपायचं न्हाई असं म्हणाले व्हते का मी?"

मग आता पुढं काय, यावर ओट्यावर बराच वेळ बोलणं चाललं. परत नेऊन सोडावं, असं आण्णांना वाटत होतं. आत्या म्हणाली, उतरलेलं पिल्लू एकदाच नेतात, माघारी आलेलं दुसऱ्यांदा नेत नाहीत. कापायचं तर नावच काढायचं नाही. मग करायचं काय, हे मात्र तिलाही ठाऊक नव्हतं, कारण तिच्या उभ्या जन्मात एकही पिल्लू माघारी आलं नव्हतं. शेवटी तिनं आपल्या मनानंच निकाल दिला.

"त्याला दाना-पानी दिऊ नका. आपसूक जाईल, आन् जाताना पोरीचं दुखनं घिऊन जाईल."

आई इतका वेळ चौकटीला धरून उभी होती. नणंदेपुढं ती कधी तोंड उघडायची नाही.

"आन् पोरीलाच घिऊन गेलं तर, वन्सं?"

आत्यानं पिल्लाकडं बघितलं.

"हिचं त्याच्या अंगावर गेलंय न्हवं? आन् ते तर हितंच आलंय. मंजी आता दोगांचं एकच झालं," आई म्हणाली. "ते हाय तवर ही हाय."

ती आत गेली, मूठभर कण्या पाण्यात भिजवल्या आणि पिल्लापुढं ठेवल्या. आत्या सकाळच्या एस.टी.नं निघून गेली. माझं नाव पुढं करू नका, एवढंच जाताना म्हणाली.

मला हे सगळं ऐकू येत होतं. खरं सांगायचं तर भीती वाटली नाही, उलट बरं वाटलं. एवढ्या मोठ्या तापात मी आजवर एकटीच होते. आता सोबत मिळाली होती.

आण्णांनी पिल्लाचं नाव परत्या ठेवलं. त्याला ठेवायला बांबूचं डालगं माझ्या खाटेखाली आलं. आईचं माहेर माळकरी, तिथं कोंबडीची सावलीसुद्धा ओट्यावर चालत नसे. लग्नानंतरही तिनं कधी कोंबडी हातात धरली नव्हती. आता एक तळहातावर बसेल एवढं पिल्लू तिच्या गळ्यात पडलं होतं, आणि त्याला काय खाऊ घालतात हे तिला माहीत नव्हतं. म्हणून ती कालव्याच्या रस्त्यानं म्हशी घेऊन जाणाऱ्या बायकांना अडवून विचारायची. कशासाठी, ते सांगायची नाही. एक म्हणाली, कण्या कोरड्या देऊ नका, घशात बसतात. दुसरी म्हणाली, पाण्याच्या थाळीत गोटे ठेवा, नाहीतर पिल्लू आत पडून भिजतं आणि गारठून मरतं. तिसरीनं हळद आणि ठेचलेला लसूण पाण्यात घालायला सांगितलं. चौथी म्हणाली, त्याला दात असतात का, मग दळणार कशानं, चिमूटभर जाडी वाळू द्या. आई सगळ्यांचं सगळं करायची.

वाळवी आणायचं काम आण्णांचं. काठावर बाभळीची पडलेली लाकडं असायची. त्यातलं एखादं पोखरलेलं लाकूड ते सायकलला बांधून आणायचे आणि ताटलीवर ठोकायचे. वाळवी बाहेर सांडली की परत्या इतक्या घाईनं टिपायचा की दोनदा तोंडावर पडायचा. आण्णा म्हणायचे, जावयासाठीसुद्धा मी एवढं करणार नाही.

मी खाटेच्या कडेवरून मान खाली सोडून बघत राहायचे. तापात गोष्टी एकमेकांत मिसळून जात होत्या. तो कणी गिळायचा तेव्हा माझ्या घशातून काहीतरी खाली उतरायचं. त्यानं अंग झटकलं की मी घोंगडी ओढून घ्यायचे. आई वाटीतली पेज माझ्या तोंडात घालायची, मग बोट पाण्यात बुडवून थेंब त्याच्या चोचीला लावायची, परत पेज. कधी तिच्याकडून क्रम चुकायचा आणि हळदीचं पाणी मला मिळायचं. दुपारी छतावर कालवा वाहायला लागला की मला वाटायचं, आम्ही दोघंही पिशवीच्या घडीत बसलोय आणि आण्णा आम्हाला सायकलवरून कुठंतरी नेतायत. कुठं, ते विचारायचं नाही, कारण वाटेत बोलायचं नसतं.

सकाळी उठल्यावर आई आधी डालगं बाहेर ओढून परत्याची शीट बघायची. पातळ आहे का, पांढरी आहे का. आणि त्याच दमात मला विचारायची, तुझं पोट कसं आहे गं. तिनं आमच्या दोघांत कधी फरक केला नाही. त्याचा मला रागही यायचा.

एकदा परत्यानं खाणं टाकलं. मान ताणून चोच उघडी टाकून बसला होता. आईनं त्याला मांडीवर घेतलं, बोटांनी चाचपलं. गळ्याखालची दाण्याची पिशवी खड्यासारखी लागत होती. तिनं एरंडेलाचे दोन थेंब त्याच्या चोचीत सोडले आणि अंगठ्यानं ती पिशवी हळूहळू चोळत राहिली. माझ्याकडं मधूनमधून बघत होती, मी श्वास घेतेय का ते. बऱ्याच वेळानं चोचीतून एक सुतळीचं टोक दिसलं. आईनं ते चिमटीत धरलं आणि जराजरा ओढत गेली. गोणपाटाची लांबच लांब सुतळी बाहेर आली. प्रवासात बसल्या बसल्या साहेबांनी पिशवी खाल्ली होती. परत्यानं मान झटकली, डोळे उघडले आणि आईच्या बोटाला टोचलं. आई तिथंच भिंतीला टेकली आणि रडली. त्या संध्याकाळी मी वाटीभर पेज प्यायले.

त्यानंतर माझा ताप उतरत गेला. डॉक्टर येऊन बघून गेले, खूश झाले, पण आईला त्यांनी बजावून सांगितलं. या तापात आतडं नाजूक होतं. ताप गेला तरी मी सांगेपर्यंत फक्त पेज आणि ताक. भाकरीचा तुकडासुद्धा पोटात गेला तर आतडं फाटेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही.

आणि नेमकी तेव्हाच मला भूक लागायला लागली. आजवर नको नको म्हणणारी मी दिवसभर भाकरी मागायला लागले. चुलीवर भाकरी फुगल्याचा वास खाटेपर्यंत यायचा आणि मी हुंदके देऊन रडायचे. आई दगडासारखी व्हायची. आण्णांनाही तिनं माझ्यासमोर जेवायची बंदी केली, ते बिचारे परसात उकिडवे बसून जेवायचे. परत्याला मात्र सगळी मोकळीक. भिजवलेल्या कण्या, कांद्याची पात, वाळवी. एकदा मी खाली वाकून त्याच्या थाळीतल्या चार कण्या तोंडात टाकल्या. आईनं बघितलं आणि बोट घालून त्या माझ्या गालातून बाहेर काढल्या. मारलं नाही, पण तिचे डोळे बघून मी परत तसं केलं नाही.

अशात आण्णांनी बातमी आणली की वाडीवरच्या कोंबड्या मरतायत. मानमोडी आली होती. आईनं डालगं उचलून आतल्या खोलीत नेलं. आण्णांना चप्पल बाहेर काढून पाय राखेनं धुवायला लावले. वाळवीचं लाकूड बंद झालं. आण्णा तालुक्याला जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आले. तिथं म्हणाले, याचे थेंब असतात, पण ते आधी टाकायचे असतात. लागण झाल्यावर औषध नाही. आईनं विचारलं, आपल्याला झालीय का लागण? आण्णा म्हणाले, न्हाई गं, आपला कसा टुणटुणीत हाय बग.

दोन-तीन दिवसांत परत्या पंख पाडून उभा राहायला लागला. डोळे मिटलेले, पिसं फुललेली. मग त्याची मान वळायला लागली. पुढं चालायला बघायचा आणि मान वळून पार पाठीवर जायची. आण्णांना जे करायला मनाई होती ते आता हा दिवसभर करत होता. आई त्याची मान हातानं सरळ धरायची, चोचीत लसणाचं पाणी सोडायची, हात काढला की मान परत मागं. तिनं त्याला फडक्यात गुंडाळून गरम राखेच्या गाडग्याशी ठेवलं. मला ती काही सांगत नव्हती. मी भाकरी मागत होते आणि ती नाही म्हणत होती.

मग तो दिवस आला. माझ्या लहानपणातला एकच दिवस निवडायला सांगितला तर आजही मी तोच निवडीन.

मी जागी झाले तेव्हा आई खाटेवर माझ्या उशाशी बसली होती. तिनं डोकं धुतलं होतं आणि कुंकू ठसठशीत लावलं होतं. सकाळच्या वेळी आईला बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. डालगं जागेवर नव्हतं. परत्या कुठाय, मी विचारलं. त्याला उन्हाला ठेवलाय, ती म्हणाली, आज आपुनबी जाऊ उन्हाला. तिनं दिवाळीला घेतलेला माझा हिरवा परकर पेटीतून काढला. तो कमरेला राहीना, मी इतकी वाळले होते, म्हणून तिनं स्वतःच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून वरून बांधली. मग मला कडेवर घेतलं आणि बाहेर आली.

किती दिवसांनी मी उघड्यावर आले होते. कालवा काठोकाठ वाहत होता. इतके दिवस तो माझ्या डोक्यावर होता, आता खाली गेला होता, आणि मला तेच उलटं वाटत होतं. आईनं मला जांभळीच्या सावलीत, दगडी पायऱ्यांवर बसवलं. माझे पाय पाण्यात सोडले. गार पाणी घोट्याशी आलं तशी मी तिच्याकडं बघितलं, कारण मला गार पाणी वर्ज्य होतं. ती माझ्या केसांत तेल चोळत होती. जटा झाल्या होत्या. एरवी ती फणी अशी ओढायची की डोळ्यांतून पाणी यावं. त्या दिवशी एकेक केस सोडवत बसली.

"भाकरी खातीस?" ती म्हणाली.

मला वाटलं मला ताप आला. "डाक्टर?" मी विचारलं.

"आज चालतंय."

बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, कडेला गूळ. तिनं ती आधीच करून ठेवली होती. मी पापुद्रा काढून लोण्यात बुडवून खाल्ला आणि माझे कानसुद्धा गरम झाले. आई समोर बसून बघत होती. माझ्या हनुवटीवर लोणी सांडलं ते बोटानं पुसून तिनं परत माझ्याच तोंडात घातलं. आणखी हवी का, तिनं विचारलं. मी हो म्हणाले आणि तिनं दिली.

ती बोलत होती. मी कुठल्या दिवशी झाले, तेव्हा कालव्याला पाणी नव्हतं आणि सुईण कालव्याच्या तळातून चालत आली. मी पहिला शब्द बोलले तो 'दारं', कारण घरात तेवढाच शब्द चालायचा. मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. मग तिनं विचारलं, मोठी झाल्यावर तू काय होशील गं? मी म्हणाले, पाटकरी. बायका पाटकरी होत नाहीत असं ती म्हणेल, असं मला वाटलं. ती म्हणाली, हो. मग मी तिला सगळं सांगितलं. मी कुणाला पाणी देणार, कुणाला नाही, शाळेतल्या कुठल्या पोरीच्या बापाचं दारं मी कायमचं बंद ठेवणार. आई मान हलवत होती, एकेक गोष्ट नीट ऐकून घेत होती. कालव्यावरून पानं, काटक्या, एखादं फूल वाहत येत होतं आणि जात होतं. घरात चूल थंड होती, भांडी तशीच पडली होती, आणि आईला कसली घाई नव्हती.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा आण्णा दारांवरून आले. माझ्या हातात भाकरी बघून सायकल धरल्या जागी उभे राहिले.

"डाक्टर म्हनला व्हय?"

"व्हय," आई म्हणाली. "हिला सायकलवरनं फिरवून आना."

"हिला? वारं लागंल की."

"लागू द्या. तिला हौस हाय."

आण्णांनी तिच्याकडं बघितलं, मग मला दांडीवर बसवलं. आम्ही कालव्याच्या कडेकडेनं निघालो. पाणी आमच्या वेगानंच चाललं होतं, त्यामुळं मी एकाच ठिकाणी बसलेय आणि झाडंच मागं जातायत, असं वाटत होतं. आण्णा माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवून घंटी वाजवत होते. परत आलो तेव्हा आई त्याच पायरीवर, आम्ही सोडलं तशीच उभी होती. तिनं मला उतरवून घेतलं आणि मग दिवसभर खाली ठेवलंच नाही. संध्याकाळी, अजून छतावरचा उजेड गेला नव्हता, तेव्हा मी तिच्या मांडीवर झोपले.

सकाळी मला धुरानं जाग आली. चूल पेटली होती. आई आण्णांवर ओरडत होती, सायकलची चाकं धुवायला काल पाणी भरलेली बादली का घेतली म्हणून. भांडी दणादण आपटत होती. मी हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, माझ्या कपाळाला हात लावला, पोट दाबून बघितलं, दुखतंय का विचारलं. नाही म्हणाले.

"भाकरी दे."

"भाकरी न्हाई न् बिकरी न्हाई. पेज पी गुमान."

"काल दिलीस की."

"काल दिली. आज न्हाई."

"मग केस विंचर."

"मला कामं न्हाईत व्हय? किती लोळशील, ऊठ, तोंड धू."

मला रडू यायला लागलं होतं. "परत्या कुठाय?" मी विचारलं.

"मेला."

"कवा?"

"काल पाटं. परसात पुरलाय." आणि हे सांगता सांगता आईला हसू फुटलं. तिनं पदर तोंडावर दाबला तरी ते आवरेना.

कितीतरी वर्षांनी, माझ्या मुलीला कावीळ झाली तेव्हा आई सोबतीला आली होती. मुलगी झोपली होती, आणि आई तांदूळ निवडत होती. मी त्या दिवसाबद्दल विचारलं. ती सहज सांगत गेली. आण्णा दारांवर गेलेले होते. तिनं फडकं उघडलं तर परत्या कडक झाला होता. तिनं तो पुरला, अंघोळ केली आणि माझ्या उशाशी येऊन बसली. आण्णांना सांगितलं नाही, कारण मग दोघं रडत बसली असती आणि मला कळलं असतं. "मनात म्हनलं, आजचा दिवस तरी पोरीला न्हाई म्हनायचं न्हाई. आता कशाचं पथ्य." मग मांडीवर मी झोपल्यावर ती माझ्या नाकापुढं बोट धरून बसून राहिली, आणि उजाडलं तरी बोटाला ऊन वाफ लागतच होती.

त्या सकाळी यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की माझा परत्या मेला, काल दिवसभर तो परसात मातीखाली होता आणि आई मला लोणी भरवत होती, आणि आता ती हसतेय. मी खाटेवर उभी राहिले. कुणी न धरता, आपली आपण उभी राहिले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून भोकाड पसरलं. आण्णा बादली टाकून धावत आले.

"आगं, पोरगी रडतीया न् तू हसतीस काय?"

"रडू द्या," आई म्हणाली. "आवाज बगा कसा खनखनीत हाय."